काट्याला गरम दूध बाधलं

माझ्या वडिलांनी माझ्या शिक्षणाबद्दल मला दोनच प्रश्न विचारले. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावातून जयसिंगपूरच्या हायस्कुलात आणि तिथून कोल्हापूरच्या कॉलेजात गेलेला मी घराण्यातला पहिलाच. सुट्टीत घरी गेलो तेव्हा ते गोठ्यात वैरण टाकत होते.

"तर्कशास्त्र, तर्कशास्त्र म्हणतोस, त्यात शिकिवत्यात काय?"

"कुणाचं बोलणं बरोबर आणि कुणाचं चूक, ते ओळखायला शिकवतात."

हातातली पेंढी तशीच धरून ते जरा थांबले. "आन त्येला कालिजात जायाला लागतंय व्हय?"

तेव्हा मला त्यांच्या अडाणीपणाचं वाईट वाटलं होतं. पुढं सगळी नोकरी दूध संघात काढल्यावर त्यांच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचा मान माझ्या मनात वाढत गेला. तरीही, ज्या बोर्डिंगनं मला जेवू घातलं आणि ज्या सरांनी मला तर्कशास्त्राची गोडी लावली, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. ग्रीस देशातला एक माणूस मर्त्य आहे, हे सरांनी आमच्याकडून वर्षभर सिद्ध करून घेतलं. तो कधीच मेला होता. पण सिद्ध करताना आम्हाला जो आनंद व्हायचा, तो पुढं कुठल्या पगारवाढीतही झाला नाही.

अशा माणसाला दूध संघानं सुपरवायझर म्हणून का घेतलं, असं वाचकांना वाटेल. मुलाखतीत मॅनेजरांनी विचारलं, "कशात बी.ए.?" मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे भांडणं सोडवता येतील?" मी हो म्हणालो आणि कामावर रुजू झालो. हे सत्तरच्या आसपासचं सांगतो आहे. गावोगावी तेव्हा दूध संस्था नव्यानं निघत होत्या. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध आणून घालणार, संस्थेचा सेक्रेटरी ते मापून आणि तपासून घेणार, संघाची गाडी ते कोल्हापूरला नेणार. सेक्रेटरी आणि सभासद यांच्यात काही बिनसलं की सायकलवरून मी जाणार. बाहेरच्यांना वाटतं, दूध संघात दुधाचं काम असतं. दूध आपलं गुपचूप गाडीतून जातं. काम असतं ते बोलण्याचं.

पहिल्याच महिन्यात एका शेतकऱ्याच्या गोठ्यात स्वच्छता कशी ठेवावी हे सांगून आलो. आठवड्यानं पुन्हा गेलो तर घरच्या बाईंनी मला दारातच अडवलं. "तुमी आलासा आन म्हस आटली." मी म्हटलं, "मावशी, एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिलीमुळं दुसरी घडली, असं होत नाही. म्हैस गाभण असेल." बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मीठ-मोहऱ्या आणायला आत गेल्या. मला वाटलं, म्हशीची दृष्ट काढणार. त्यांनी ती माझ्यावरनं उतरवली. म्हणजे नजर माझी लागते, हा दोष माझ्याच अंगातून काढून टाकावा, असा त्यांचा विचार. त्या दिवशी मी ओळखलं की तर्कदोष ओळखणं आणि तो काढून टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि कॉलेजात मला फक्त पहिलं शिकवलेलं आहे.

पण मला सांगायचं आहे ते दस्तगीरभाईंचं.

पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरहून सायकलनं सहज जाता येईल असं ते गाव. दस्तगीरभाई पन्नाशीचे, उंच, बारीक. एक म्हैस, थोडं रान, बायको जैनबी. त्यांचे वडील भिश्ती होते. गावात नळ नव्हता तेव्हा चामड्याच्या पखालीतून त्यांनी घरोघर पाणी घातलेलं. संस्थेची जागा आधी गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. दिवाळीनंतर ती दस्तगीरभाईंच्या घरासमोरच्या नव्या खोलीत आली आणि त्याच सुमाराला संघानं संस्थेला लॅक्टोमीटर दिला. काचेची बंद नळी, बुडाशी वजन, मानेवर आकडे. दूध उंच भांड्यात ओतून त्यात ती सोडायची. निर्भेळ दुधात ती ठरावीक खुणेपर्यंत तरंगते, पाणी घातलेल्या दुधात जास्त बुडते. गावात त्याला सगळे काटा म्हणत.

काटा आला आणि दस्तगीरभाईंच्या दुधात बुडायला लागला. एकदा नाही, रोज सकाळी. सेक्रेटरी शंकर नुकताच मॅट्रिक झालेला, प्रामाणिक पोरगा. त्यानं समज दिली, पुन्हा दिली, मग संघाला कळवलं. गावाचा रिवाज असा की ज्याच्या दुधात पाणी ठरलं, त्याचं नाव संस्थेच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं आणि त्याला संस्थेतून काढायचं. तो फळा दस्तगीरभाईंच्या दाराच्या बरोबर समोर होता.

मी गेलो त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. दूध घालून झालं होतं, पण कुणी घरी गेलं नव्हतं. सायकल टेकवतोय तोवर दस्तगीरभाई पुढं आले.

"सायब, दूध-भाकरीवर हात ठिवून सांगतो. अल्लाची आण. म्या दुधात थेंब घातला न्हाय."

"दस्तगीरभाई," मी म्हणालो, "शपथेनं काही सिद्ध होत नसतं. आपण पुरावा बघू."

हे वाक्य मी फार समाधानानं बोललो होतो, ते आठवतंय. निःपक्षपाती माणसानं असंच बोलावं. ते मागं सरकले आणि समोरच्या आपल्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

चेअरमन तात्या खुर्चीवर होते. पण बोलण्याचं काम कमिटीतले गणूआण्णा करत. आवाज असा की नदीपलीकडच्या माणसालाही ठराव कळावा.

"सायब, पाणी घातलं की काटा बुडतोय का न्हाय?"

"बुडतो."

"ह्येच्या दुधात काटा बुडला का न्हाय?"

"बुडला."

"मग ऱ्हायलं काय? शंकऱ्या, खडू घे."

माझ्या अंगावर काटा आला. आनंदानं, हे लपवत नाही. सरांनी फळ्यावर शिकवलेला दोष जसाच्या तसा माझ्यासमोर धोतर नेसून उभा होता. मी शंकरला थांबवलं.

"आण्णा, पैलवान माणूस दूध पितो की नाही?"

"पितोय की. त्याबिगर पैलवान हुतोय व्हय?"

"मी रोज सकाळी शेरभर दूध पितो. मग मी पैलवान झालो का?"

सगळ्यांनी माझ्या दंडांकडं पाहिलं. हसण्याची एक लाट येऊन गेली.

"तुमी आन पैलवान!" आण्णा म्हणाले.

"तेच म्हणतोय. पैलवान दूध पितो, पण दूध पिणारा प्रत्येक जण पैलवान नसतो. तसं पाण्यानं काटा बुडतो, पण बुडलेला प्रत्येक काटा पाण्यानंच बुडला असं नाही. दुसरंही कारण असू शकतं."

मी थांबलो. कॉलेजात असतो तर इथं सरांनी मान हलवली असती.

आण्णांनी विचार केला. "बराबर हाय. तुमी पैलवान न्हाय ह्ये डोळ्यांनी दिसतंय. तसंच ह्यो पाणी घालतोय ह्ये बी दिसतंयच की."

"कुणी घालताना पाहिलं?"

"बघायला कशाला लागतंय? सगळं गाव म्हणतंय."

"सगळं गाव म्हणजे कोण कोण?"

"आता मीच म्हणतोय की न्हाय?" मग आवाज चढवून, "आन ह्येचा बा कोण हुता? भिश्ती! पखाल घिऊन जनम गेला त्येचा. पाणी रक्तातच हाय."

उंबऱ्यावरून दस्तगीरभाई पहिल्यांदाच बोलले, आवाज न चढवता. "माझ्या बानं गावाला पाणी पाजलं, आण्णा. तुमच्या बारशाचा सैपाक त्येच पाण्यात शिजला."

मी मनातल्या मनात दोष मोजत होतो. माणसाच्या बोलण्याऐवजी त्याच्या बापाकडं बोट दाखवणं. अनेकांचं मत म्हणजे पुरावा. आणि हे ‘सगळं गाव’ म्हणजे एकटे आण्णा. परीक्षेत एवढं एका प्रश्नात कधी आलं नव्हतं.

तात्यांनी घसा साफ केला. ते मितभाषी, त्यामुळं त्यांचा शब्द शेवटचा. "सायब, लांबड नको. काटा खोटा का दस्तगीर खोटा? दोनातलं एक सांगा."

"दोघंही खरे आहेत," मी म्हणालो.

लोकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी दोन्हीकडून पैसे खाल्ले होते.

खऱ्या कारणाची शंका मला आल्या आल्याच आली होती, आणि त्यात काही हुशारी नव्हती. दस्तगीरभाईंची किटली बाजूला ठेवलेली होती. तिला हात लागला तर ती अजून गरम होती. बाकीचे सभासद रानातल्या वस्त्यांवरून येत. त्या थंडीत चालत येईपर्यंत त्यांचं दूध गार व्हायचं. दस्तगीरभाईंच्या गोठ्यातून संस्थेच्या उंबऱ्यावर धावत यायला कितीसा वेळ? नवी खोली दारात आल्यापासून रोज आपली किटली पहिली लागली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आणि नुकतंच काढलेलं गरम, फेसाळ दूध पातळ असतं. त्यात काटा जास्त बुडतो. दूध गार होऊ द्यावं आणि मग काटा सोडावा, हे संघाच्या शिकवणीत सांगितलेलं होतं. ती शिकवण झाली त्या दिवशी शंकर तापानं घरी होता.

गंमत अशी की त्याच काळात कोल्हापुरात, संध्याकाळी दूध कट्ट्यावर, म्हैस समोर उभी करून धार काढून घेणारी आणि तो गरम पेला उभ्या उभ्या रिचवून मिशा पुसणारी माणसं रांग लावून असत. शहरात जे दूध गरम म्हणून डोक्यावर घेतलं जाई, तेच त्या गावात गरम म्हणून चोर ठरलं होतं.

मी सगळं समजावून सांगितलं. लोकांच्या तोंडावर काही उमटलं नाही. तेव्हा म्हटलं, करूनच दाखवू. दस्तगीरभाईंच्या किटलीतलं दूध सगळ्यांसमोर काढून काटा सोडला. बुडला. तेच दूध डब्यात भरून घट्ट झाकण लावलं आणि डबा तात्यांच्या खुर्चीखाली ठेवला. तिथं कुणाचा हात पोचणं शक्य नव्हतं. चहा झाला, ऊस कधी तुटणार यावर बोलणं झालं, आण्णांचं दोघांशी भांडण झालं. दूध गार पडल्यावर पुन्हा काटा सोडला. तो बरोबर खुणेवर तरंगला.

मी सगळीकडं पाहिलं. सिद्ध झालं होतं.

आण्णा भांड्यात वाकून बघत होते. "पाणी उडालं," ते म्हणाले.

"काय?"

"गरम दूध हुतं न्हवं? त्यातलं पाणी उडून गेलं. दूध तेवढं ऱ्हायलं. चाच्या आधणातलं पाणी उडत न्हाय व्हय?"

"झाकण घट्ट होतं, आण्णा."

"दुधाचा वास येत हुता का न्हाय भाईर? वास येतोय मग पाणी येत न्हाय?"

"खरं हाय," मागून कुणीतरी म्हणालं. शंकरनं पुन्हा खडू उचलला. माझा पुरावा आता आण्णांचा पुरावा झाला होता.

एकच मार्ग उरला होता. "मग असं करू. दुसऱ्या कुणाचीही म्हैस इथं आणा, सगळ्यांसमोर पिळा आणि गरम दुधात काटा सोडा. बुडला तर मी म्हणतो ते खरं."

इतका वेळ बोलणारं गाव गप्प झालं. ज्याच्या दुधात काटा बुडेल, तो उद्या चोर. एवढा तर्क प्रत्येकाला येत होता. कुणी म्हणालं, आमची धार झाली. कुणी म्हणालं, आमची परक्या जागी पान्हा सोडत नाही.

तेव्हा जैनबी पदर सावरत दारात आल्या. "तात्यांची आणा की," त्या म्हणाल्या. "गावात दूध एक नंबर तात्यांचं. त्यांच्या घरात निजत्यात उशिरा, उठत्यात उशिरा. त्यांच्या म्हशीची सकाळची धार अजून व्हायची हाय."

तात्यांना नाही म्हणता येईना. म्हैस आली, पान्ह्यासाठी रेडकू आलं, मागं निम्मं गाव आलं. तात्यांच्या गड्यानं स्वच्छ भांड्यात धार काढली. भांड्यात आधी पाणी नाही, हे आण्णांनी बोट फिरवून तपासलं. शंकरनं काटा सोडला.

काटा दस्तगीरभाईंच्या दुधातल्यापेक्षाही खाली गेला.

तात्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी मनात म्हटलं, आता तरी पटेल. समोर काढलेलं दूध, थेंब पाणी नाही, तरी काटा बुडला. म्हणजे काटा बुडण्याला पाण्याखेरीज दुसरंही कारण असतं. यापेक्षा स्वच्छ सिद्धता असत नाही.

आण्णा सावकाश सरळ झाले. "तात्या दुधात पाणी घालत्यात काय?" त्यांनी गर्दीला विचारलं.

"न्हाय!" गर्दी म्हणाली.

"तात्या आयुष्यात कधी खोटं वागल्यात काय?"

"न्हाय!"

"मग काटा खोटा!"

"काटा खोटा!" गर्दीनं निकाल दिला.

डोळ्यांसमोर धार काढली होती, तो पुरावा कुणी विचारातच घेतला नाही. तात्या मोठे, म्हणून काटा लहान. काटा खोटा, म्हणून दस्तगीर सुटला. निष्कर्ष बरोबर, आणि त्याच्या खाली एकही बरोबर पायरी नाही. शंकरनं खडू खिशात टाकला. आण्णा आता काटा नदीत फेकून द्यायच्या गोष्टी करू लागले होते.

इथं मी काय केलं, ते सांगतो. मी एवढंच म्हणू शकलो असतो की काटा खरा आहे. मग तात्या खोटे की काटा खोटा, असं सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं. आणि काटा नदीत गेला असता तर उद्या खरोखर पाणी घालणारे मोकळे सुटले असते. मी खालमानेनं काटा उचलला, पुसला आणि म्हणालो, "आण्णा, काटा खोटा नाही. त्याला उष्णता झालीय."

"आँ?"

"काच नाजूक असते. गरम दूध तिला बाधतं. अंगात उष्णता झाली की माणूस कसा गळून जातो, तसा तो खाली बसतो. त्याला गार दूध द्या. मग उभा राहतोय का नाही बघा."

आण्णांचा चेहरा उजळला. "आसं सांगा की मराठीत! उगंच मगापासनं पैलवान आन काय काय." ते गर्दीकडं वळले. "माझ्या थोरल्या पोराला असंच हुतंय. गरम खाल्लं की गेला."

तर्कशास्त्राचा पदवीधर, विद्यापीठाच्या परीक्षेत त्या विषयात पहिल्या वर्गाचे गुण मिळवलेला, एका काचेच्या नळीची माणसाच्या प्रकृतीशी तुलना करतो आणि ती एकमतानं मंजूर होते. खोटी उपमा हा दोष आमच्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणात होता. तात्यांनी तिथल्या तिथं हुकूम केला. शंकरनं तोच खडू काढून त्याच फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं: ‘काट्यास उष्णता बाधते. दूध गार झाल्याशिवाय तपासले जाणार नाही.’

पुढं आसपासच्या गावांतही तो नियम त्याच कारणासह पसरला. वरिष्ठांनी माझ्या कामाबद्दल समाधान व्यक्त केलं. सरांना मी ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि म्हणाले, "परीक्षेत मी तुला शून्य दिलं असतं." थोडं थांबून म्हणाले, "पण त्या दुधवाल्याला नापास केलं नसतं."

इथंच थांबलो असतो तर ही माझ्या कर्तबगारीची गोष्ट झाली असती.

त्या सकाळी गर्दी पांगल्यावर दस्तगीरभाईंनी मला घरात नेलं. जैनबींनी त्याच दुधाचा चहा केला. उघड्या दारातून समोरचा फळा दिसत होता. दस्तगीरभाईंनी तो पुन्हा एकदा वाचला आणि मला विचारलं, "सायब, आता गाव काय म्हणतंय?"

"तुम्ही निर्दोष आहात, असं म्हणतंय."

"न्हाय. काटा आजारी हाय, आसं म्हणतंय. काटा बरा झाला की बघू, आसंबी म्हणत्यात. मी कसा हाय, ह्ये कुटं लिवलंय?"

मी म्हणालो, "गावाचं सोडा. मला पटलंय ना, तुम्ही पाणी घातलं नाही ते."

"तुमाला कवा पटलं?"

मी खरं ते सांगितलं. खोटं सांगायचं कारणच नव्हतं. "किटलीला हात लागला आणि ती गरम लागली तेव्हा शंका आली. काटा वर आला तेव्हा खात्री पटली."

त्यांनी मान हलवली. कपबशी माझ्यापुढं सरकवली. मग अगदी साधेपणानं, तक्रार नसल्यासारखं विचारलं:

"म्हंजे मी सांगितलं तवा न्हाय?"

मी चहा प्यालो. तो गोड होता. निरोप घेतला, सायकल काढली, नदीच्या पुलावरून कोल्हापूरचा रस्ता धरला. सकाळपासून त्या दारात जे जे बोललं गेलं त्या प्रत्येक बोलण्यातला दोष मला नावासकट सांगता येत होता. आण्णांचा, तात्यांचा, गर्दीचा, माझा स्वतःचासुद्धा. दस्तगीरभाईंच्या त्या एका प्रश्नात कुठला दोष आहे, ते मी शहर येईपर्यंत शोधत राहिलो.

सापडला नाही.